जिभेखालचा खडा

सिन्नरच्या आमच्या शाळेत पाण्याचा माठ व्हरांड्याच्या टोकाला असे. बाकीच्या मुली स्वतः झाकण काढून पाणी घेत. आम्हा तीन-चार मुलींना मात्र शिपाई वरून ओतून देई. त्याचा हात मोकळा नसला की आम्ही ओंजळ धरून उभ्या राहायचो आणि घंटा व्हायची. हे मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आई विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "घरून पाणी पिऊन जायाचं. घरी आल्यावर प्यायाचं. मधी कोनाला मागायचं नाय."

"आणि तहान लागली तर?"

"थुंकी गिळायची."

आईचा हा नियम मी शाळेत पाळला, कॉलेजात पाळला आणि नोकरी लागल्यावरही पाळला. त्यात मला कधी दुःख वाटलं नाही, उलट अभिमानच वाटे. वर्गातल्या मुली तासातासाला पाण्यासाठी परवानगी मागत आणि मी दिवसभर पाण्याशिवाय बसू शकत असे. एका गुरुजींनी माझं कौतुकही केलं होतं, ही मुलगी जागची हलत नाही म्हणून. त्याच गुरुजींनी आईला समजावून मला अकरावीपर्यंत शाळेत ठेवलं आणि पुढे नाशिकच्या कॉलेजची वाट दाखवली. त्यांच्यामुळे मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. पुढे जे लिहिणार आहे त्यात कडू पुष्कळ आहे, तेव्हा हे ऋण आधीच सांगून टाकते.

बी.एड. झाल्यावर मला नाशिकमध्येच मुलींच्या एका शाळेत नोकरी मिळाली. सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. मी नाशिक रोडला एक खोली भाड्याने घेतली. सकाळी बसने शालिमारला उतरायचं आणि तिथून शाळेपर्यंत चालत जायचं. आई सिन्नरलाच राहिली. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिला तिच्या विड्यांच्या बायकांमधून उठून यायचं नव्हतं. मी दर रविवारी जायची. सोमवारी येताना पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिने केलेलं काहीतरी आंबट असायचं. आई आंबटाची फार शौकीन. चिंचेशिवाय तिची आमटी होत नसे आणि अंबाडीची भाजी केली की ती एकटी अर्धी संपवायची.

शाळेच्या शिक्षकखोलीत मधोमध एक लांब टेबल होतं, वर निळं मेणकापड. मधल्या सुट्टीत सगळ्या बाई त्याच्याभोवती बसून डबे उघडत. डबे मध्ये सरकवायचे आणि ज्याला जे हवं ते घ्यायचं, अशी पद्धत. पहिले काही महिने मी खिडकीपाशी, वह्यांच्या कपाटाजवळ बसून जेवत असे. मला कोणी तिथे बसवलं नव्हतं. पण मी कोण, हे माझ्या आडनावावरून सगळ्यांना कळलं होतं. 'इकडे या' असंही कोणी म्हटलं नव्हतं.

मग एके दिवशी गणिताच्या बाईंनी हाक मारली. त्या सगळ्यांत ज्येष्ठ, आणि त्यांचं म्हणणं टेबलावर चाले. "अहो नवीन बाई, तिकडे कोपऱ्यात काय बसलाय शिक्षा झाल्यासारख्या? या इकडे. सरका गं जरा."

मी गेले. त्यांनी बरणी उघडली आणि माझ्या डब्याच्या झाकणात लिंबाच्या लोणच्याची फोड घातली. "घरचं आहे. दोन वर्षं मुरलंय."

मी ती फोड तोंडात ठेवली आणि डाव्या जबड्याखालून कानापर्यंत एक कळ गेली. डोळ्यांत पाणी आलं. हनुवटीच्या बाजूला, हाडाच्या आत काहीतरी फुगत होतं, मला ते आतून जाणवत होतं. मी पदर तोंडापाशी धरला आणि हसत राहिले.

"तिखट लागलं का हो?"

"नाही, छान आहे. फार छान आहे."

तासाभरात ते उतरलं. घरी आरशात पाहिलं तर काही नव्हतं. मला वाटलं, इतक्या दिवसांनी तिथे बसले, मनावर ताण आला असेल. आज हे लिहिताना हसू येतं, पण खरंच तसं वाटलं होतं.

नंतर मात्र ते रोजचं झालं. घास घेतला की डाव्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ वर यायची. आंबट असलं तर लिंबाएवढी. दुखायचं, चावता यायचं नाही, मग हळूहळू ओसरायचं. शिवणाच्या बाई गमत्या होत्या. त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

"काय हो, एका गालात लाडू दडवून ठेवता रोज? आम्हाला दाखवत पण नाही!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. चेष्टा करण्याइतकी मी त्यांच्यातली झाले होते, हे मला त्या दुखण्यापेक्षा मोठं वाटलं. ते तीन-चार महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे. आईची चटणी टेबलावर फिरायची. गणिताच्या बाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या आईच्या हाताला चव आहे हं." ते वाक्य मी रविवारी सिन्नरला जाऊन जसंच्या तसं आईला सांगितलं. आईने पुढच्या वेळी चटणीचा डबा मोठा दिला. आणि त्या दिवसांत मी आईचा नियमही मोडला. शिक्षकखोलीतल्या माठातून, सगळ्यांच्या पेल्याने पाणी प्यायला लागले.

पण गाठ काही जाईना. मी आधी दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं, आत डोकावले आणि विचारलं, "मिसरी लावता?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही."

"घरी कोण कोण? आई काय करते?"

"विड्या वळते."

"मग!" ते म्हणाले, कोडं सुटल्यासारखं. मी पदवीधर आहे, शिक्षिका आहे, असं मला सांगावंसं वाटलं, पण तोंडात त्यांचा आरसा होता. त्यांनी खालची एक दाढ काढली. ती दाढ चांगली होती. मला तिने कधी त्रास दिला नव्हता आणि ती गेल्यानेही काही फरक पडला नाही. दुसऱ्याच दिवशी पेज पिताना गाठ पुन्हा वर आली.

मग कोणीतरी दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव सांगितलं. त्यांचा दवाखाना मोठा होता. त्यांनी जबड्याखाली बोटं फिरवली. मी रिकाम्या पोटी गेले होते, तेव्हा सूज नव्हती, पण आतली गाठ घट्ट लागत होती. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला. तो स्वच्छ आला. तरी म्हणाले, "गाठीचा टीबी आहे. असतो तुमच्या लोकांत." आमच्या लोकांत म्हणजे विडीवाल्यांत, गरिबांत, की आणखी कशात, हे मी विचारलं नाही. रोज सकाळी इंजेक्शन आणि दोन प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या. ती सूज कधी येते आणि कधी जाते, हे त्यांनीही विचारलं नाही. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा ते चिठ्ठी लिहीत होते.

इंजेक्शनसाठी सकाळचा पहिला तास चुकू लागला म्हणून मला मुख्याध्यापिकांना सांगावं लागलं. त्या सहानुभूतीने म्हणाल्या, "काळजी करू नका, हे माझ्याजवळच राहील." मधल्या सुट्टीपर्यंत ते टेबलावर पोचलं होतं.

मी डबा घेऊन गेले तर टेबलाच्या टोकाला, बाकीच्यांपासून एक खुर्ची सोडून, मेणकापडावर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. गणिताच्या बाईंनी तिकडे हात केला. "तुम्ही इथे बसा. मोकळं बसता येईल." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "राग नका मानू हो. आमच्या घरी लहान नातवंडं आहेत. तुमचं बरं झालं की परत आहेच आपलं."

"हो, बरोबर आहे," मी म्हटलं. आणि मला ते बरोबरच वाटलं. टीबीला तेव्हा सगळेच घाबरत. मीही घाबरले होते.

माठाजवळ माझा पेला वेगळा झाला. तो ओळखू यावा म्हणून त्याच्या बुडाला कोणीतरी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. पहिल्या दिवशी मी तो उचलला आणि तसाच ठेवला. त्या दिवसापासून मी पुन्हा घरून पाणी पिऊन निघू लागले आणि घरी गेल्यावर प्यायला लागले. सवय जुनीच होती.

'परत आहेच' या दोन शब्दांवर मी ते वर्ष काढलं. वर्तमानपत्रावर डबा उघडताना मी मनाशी म्हणायची, एवढी इंजेक्शनं संपू देत. दुसऱ्या टोकाला डबे फिरत असायचे. हसणं ऐकू यायचं. मध्येच शिवणाच्या बाई तिकडून मोठ्याने म्हणायच्या, "तब्येत कशी आहे हो आता?" आणि मी इथून म्हणायची, "बरी आहे." पुढे एकदा बोलता बोलता कळलं की चित्रकलेच्या बाईंच्या यजमानांना आदल्याच वर्षी फुप्फुसाचा टीबी होऊन गेला होता, घरात, चांगला खोकल्याचा. त्या बाईंची साबुदाण्याची खिचडी त्या काळातही टेबलाच्या मधोमध असे. मी ते ऐकलं आणि त्याचा अर्थ लावायचं टाळलं. अर्थ लावला असता तर त्या दोन शब्दांचं काय करायचं, हा प्रश्न होता.

आईने आपल्या परीने उपाय केला. आंबटाने सूज वाढते हे मी तिला सांगितलं होतं. तिने घरातली चिंच शेजारणीला देऊन टाकली. अंबाडी बंद, कैरी बंद, लिंबू बंद, ताकसुद्धा बंद. माझ्या भाकरीबरोबर आता नुसतं पिठलं किंवा उकडलेले बटाटे येत. मी रविवारी जेवायला बसले की तीही तेच खायची.

"आई, तुझं तू कर की. तुला कशाला पथ्य?"

"तुला नाय तर मला काय गिळंल?"

"अगं पण तुला आवडतं."

"आवडतं म्हनून काय झालं. तुझी गाठ जाऊंदे, मंग खाऊ दोघी. लय खाऊ."

गाठ जात नव्हती. इंजेक्शनांनी माझ्या उजव्या कानात मात्र एक बारीक शिट्टी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे. ती शिट्टी आजही आहे. शांत खोलीत बसले की ऐकू येते.

शेवटी ते चिघळलं. एका सकाळी उठले तर ताप होता, जबडा लाल आणि घट्ट, आणि तोंडात घाण चव. जिभेखाली बोट लावलं तर पू आला. मी घाबरून सरकारी दवाखान्यात गेले, कारण तिथे नाक-कान-घशाचे एक डॉक्टर बसतात असं घरमालकीण म्हणाली होती. रांग मोठी होती. आत गेले तेव्हा डॉक्टर चहा पीत होते. वयस्क, जाड चष्मा, बोलायला तुटक. मी चालू गोळ्यांची पाकिटं त्यांच्यापुढे ठेवली.

"केव्हा सुजतं?"

मला प्रश्नच कळला नाही. इतक्या दिवसांत तो कोणी विचारला नव्हता.

"म्हणजे?"

"दिवसभर असतं की येतं-जातं?"

"जेवताना येतं."

"प्रत्येक वेळी?"

"हो. आंबट खाल्लं की जास्त. मग तासाभरात उतरतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "आणि टीबीची औषधं कोणी दिली?" मी दाढेपासून सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "टीबीची गाठ जेवणाच्या वेळा पाळत नाही हो बाई."

त्यांनी एका हाताचं बोट माझ्या जिभेखाली घातलं आणि दुसऱ्या हाताने बाहेरून जबडा वर दाबला. दोन्ही बोटं हळूहळू मागून पुढे आणली. एका जागी थांबले. "हा घ्या. लागला." मग एक छोटी फिल्म तोंडात धरून फोटो काढला. तो ओला असतानाच त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून मला दाखवला. काळ्यावर एक पांढरा दाणा होता. तुरीच्या दाण्याएवढा.

"जबड्याखाली लाळेची एक पिशवी असते," ते म्हणाले. "तिची नळी जिभेखाली उघडते. त्या नळीत खडा अडकलाय. घास घेतला की लाळ सुटते, तिला वाट मिळत नाही, पिशवी फुगते. हळूहळू पाझरून जाते, सूज उतरते. एवढंच आहे. याच्यासाठी तुमची दाढ गेली आणि वर्षभर इंजेक्शनं झाली."

"खडा कशाने होतो?"

"नक्की कोणी सांगत नाही. लाळ घट्ट झाली, साचून राहिली, की त्यात क्षार बसत जातात. आंबट खाता?"

"बंद केलंय. आईने."

"उलट केलंत. आंबटाने लाळ वाहती राहते. पाणी किती पिता?"

"सकाळी निघताना एक तांब्या. संध्याकाळी घरी गेल्यावर."

"आणि मधे?"

"मधे नाही."

"दिवसभर शिकवता आणि पाणी नाही? शाळेत पाणी नाही का?"

"आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या केसपेपरकडे पाहिलं, जिथे माझं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. पुन्हा वर पाहिलं नाही. चष्मा काढून पुसला. "पाण्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही," ते सावकाश म्हणाले. "पुष्कळ पाणी पिणाऱ्यांनाही होतो. पण पीत जा." त्यांनी पुढे काही विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

आधी पू आणि ताप जाण्यासाठी औषधं दिली. मग एका सकाळी बोलावलं. जिभेखाली इंजेक्शन देऊन जागा बधिर केली. खडा मागे सरकू नये म्हणून त्याच्या मागे नळीभोवती एक टाका घेऊन ती वर ओढून धरली आणि नळीवर छोटी चीर दिली. मला दुखलं नाही, फक्त ओढल्यासारखं होत होतं. तो खडा पिशवीच्या आत असता तर मानेतून कापावं लागलं असतं आणि ओठ वाकडा होण्याची भीती होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. तेवढं माझं नशीब बरं. चिमट्याने खडा काढून त्यांनी स्टीलच्या ताटलीत टाकला. टिंग असा आवाज झाला. पिवळट, खडबडीत, कोणत्याही रस्त्यावर सापडेल असा खडा होता. त्यांनी तो इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून माझ्या हातात दिला.

"मिठाच्या पाण्याच्या चुळा भरा. लिंबू चोखा. पाणी भरपूर प्या. नाहीतर परत होईल. टीबीच्या गोळ्या आजपासून बंद."

मी म्हटलं, "हा संसर्गाचा आजार नाही, असं लिहून द्याल?"

"कोणाला दाखवायचंय?"

"शाळेत."

त्यांनी लिहून दिलं. हा क्षयरोग नव्हता, लाळेच्या नळीतला खडा होता, तो काढला आहे, कोणालाही धोका नाही. मराठीत लिहिलं, ठळक अक्षरात. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाटली माझ्या मुठीत होती आणि जीभ अजून बधिर होती. आता परत आहेच, असं मी त्या बधिर जिभेने मोठ्याने म्हटल्याचं आठवतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी ती बाटली मेणकापडावर ठेवली आणि शेजारी चिठ्ठी. सगळ्या वाकून पाहू लागल्या.

"अगंबाई! एवढ्याशा खड्याने एवढं रामायण!" शिवणाच्या बाई म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं, गालात काहीतरी दडवलंय!"

गणिताच्या बाईंनी चिठ्ठी वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली. "सुटलात बाई. देवाची कृपा." त्यांनी ती नीट घडी करून मला परत दिली. मुख्याध्यापिका येऊन अभिनंदन करून गेल्या. त्या दिवशी मला जेवायचं नव्हतं, टाका दुखत होता. मी उद्याची वाट पाहत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र नव्हतं. मी माझ्या जुन्या जागेवर, गणिताच्या बाईंच्या शेजारी बसले आणि डबा मध्ये सरकवला. त्या म्हणाल्या, "आज माझा उपास आहे हो. मंगळवार." आणि उठल्या. शिवणाच्या बाईंना वर्गात मशिनी दुरुस्त करायला माणूस येणार होता, त्या डबा घेऊन तिकडे गेल्या. चित्रकलेच्या बाई बसल्या, पण त्यांनी डबा स्वतःजवळच ठेवला आणि भराभर संपवला. मी मनाशी म्हटलं, असतात लोकांना कामं. बुधवारी कोणाला वह्या तपासायच्या होत्या. गुरुवारी कोणाचे गुडघे दुखत होते, खुर्चीपेक्षा शिवणवर्गातली सतरंजी बरी वाटत होती. पुढच्या आठवड्यात ते मोठं टेबल परीक्षेच्या कागदांसाठी भिंतीला लावलं गेलं. बाई आता शिवणवर्गात सतरंजीवर जेवत. मला कोणी येऊ नका म्हटलं नाही. मी एकदा दारापर्यंत गेले. आतलं बोलणं थांबलं. गणिताच्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, "काही हवंय का?"

"नाही," मी म्हटलं. "खडू संपला होता."

लोणच्याची बरणी सतरंजीच्या मधोमध होती.

मला कोणी अपमानाचा शब्द बोललं असतं तर मी भांडले असते. मला भांडता येत होतं, कॉलेजात मी वक्तृत्वाची बक्षिसं मिळवली होती. पण उपास, गुडघे आणि वह्या यांच्याशी कसं भांडायचं? आजार होता तोवर मला वेगळं बसवायला एक कारण होतं आणि मला आशा होती. डॉक्टरांनी खड्याबरोबर ते कारणही काढून टाकलं. मी पूर्ण बरी झाले आणि मग जे उरलं त्यावर कुठल्याही दवाखान्यात चिठ्ठी मिळत नव्हती.

पाणी मात्र मी सोडलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, परत होईल. लाल ठिपक्याचा पेला मी शिपाईमामांना देऊन टाकला आणि बाकीच्या पेल्यांतला कुठलाही उचलून माठातून पाणी घेऊ लागले. प्रत्येक तासानंतर एक पेला. कोणी काही बोललं नाही. उन्हाळा लागला तशा एकेक बाईंच्या पिशवीतून पाण्याच्या बाटल्या निघू लागल्या. "हल्ली माठाचं पाणी गढूळ लागतं," शिवणाच्या बाई म्हणाल्या. माठ मामाच धुऊन भरत, पाणी चांगलं होतं. शाळा सुटताना मामा झाकण उचलून आत बघत आणि म्हणत, "बाई, आता एकदा भरला की दोन दिवस जातो." मग माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आई पहिल्यांदा नाशिक रोडच्या खोलीवर राहायला आली. येताना चिंचेचा गोळा आणि अंबाडीची जुडी घेऊन आली. वर्षभराने तिने आंबट केलं. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मी पहिला घास घेतला तेव्हा आई जेवायची थांबून माझ्या जबड्याकडे बघत होती. काही फुगलं नाही. तोंडात लाळ सुटली आणि वाहून गेली.

"नाय ना?"

"नाही."

मग ती जेवली. बोटं चाटून जेवली. तिला तसं जेवताना पाहून मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

हात धुताना तिने विचारलं, "डाक्टर म्हनले पानी पी म्हनून. शाळेत पितीस ना?"

"पिते."

"मागावं लागतं?"

"नाही गं. आख्खा माठ माझा एकटीचाच आहे."

आई थांबली. पदराला हात पुसत राहिली. "तुझा एकटीचा?"

"हो. दुसरं कोणी पीत नाही त्यातलं."

तिचा चेहरा उजळला. मी काय बोलून गेले ते मला उमगलं आणि ती काय समजली तेही. पण ओंजळ धरून उभ्या राहणाऱ्या मुलीच्या आईला ते तसंच समजू द्यावं, असं मला वाटलं. माझ्याकडे तिला द्यायला त्या वर्षी दुसरं काही नव्हतं.

पुढच्या खेपेला मी सिन्नरला गेले तेव्हा ओसरीवर सात-आठ बायका विड्या वळत बसल्या होत्या. मला पाहून एकीने सूप बाजूला ठेवलं. "ये बाय. तुझी माय सांगत व्हती. शाळेनं तुला सवताचा माठ दिलाय म्हनं. लय मोठी बाई झालीस का गं?"

आई खाली मान घालून दोरा गुंडाळत होती. हसत होती.

"हो मावशी," मी म्हटलं.

मावशी उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या भरून घेऊन आली. पानांच्या धुळीने तिची बोटं काळी होती, त्यांचे ठसे तांब्यावर उमटले होते. मला तहान नव्हती. बसमधून उतरतानाच मी पाणी प्यायले होते. तरी उभ्याने, तोंड लावून, मी तो तांब्या पूर्ण संपवला.